उइरापुरू: ॲमेझॉनच्या जंगलातला गाणारा रेन कसा शोधायचा, ऐकायचा आणि नोंदवायचा

म्युझिशियन रेन नावाचा पक्षी. ब्राझीलमध्ये उइरापुरू, शास्त्रीय नाव सायफोरायनस अराडा. जेमतेम साडेबारा सेंटिमीटरचा, म्हणजे आपल्या घरच्या चिमणीहूनही लहान, तपकिरी रंगाचा, ॲमेझॉन खोऱ्यातल्या आणि गयानांमधल्या (गयाना, सुरिनाम, फ्रेंच गयाना) सखल, दमट, सदाहरित जंगलात जमिनीवर पाचोळा उलटत फिरणारा. रंगरूपासाठी याच्यामागे कुणी जात नाही, जातात ते आवाजासाठी. स्वच्छ, बासरीसारख्या शिट्ट्या, त्याही एका सुरावरून एकदम लांबच्या सुरावर उडी घेत, आणि मध्येच घशातली खरखर. इंग्रज निसर्ग-अभ्यासक हेन्री वॉल्टर बेट्स 1848 ते 1859 अशी अकरा वर्षं ॲमेझॉनमध्ये होता. त्याने लिहून ठेवलंय की हा आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला माणूसच गातोय असं वाटल्याशिवाय राहत नाही, झुडपात फळं तोडणारा एखादा मुलगा गुणगुणत असावा तसं.

मकाव, टूकॅन, हार्पी ईगल अशी यादी घेऊन ॲमेझॉनला जाणारे मराठी पक्षीमित्र आता बरेच आहेत. त्यांनी त्या सहलीतल्या दोन सकाळी तरी या एका पक्ष्यासाठी राखून ठेवाव्यात, असं मला मनापासून वाटतं. पण त्यासाठी आपली नेहमीची सवय बाजूला ठेवावी लागते. हा पक्षी पाठलाग करून मिळत नाही. तो कानाने शोधायचा, त्याच्या वाटेत आधी जाऊन बसायचं आणि त्याला आपल्याकडे येऊ द्यायचं. खालचं सगळं याच एका पद्धतीसाठी आहे.

कोणता उइरापुरू, ते आधी पक्कं करा

ब्राझीलमध्ये ‘उइरापुरू’ हे नाव एकाच पक्ष्याचं नाही. मॅनाकिन कुळातल्या कितीतरी झगझगीत रंगांच्या छोट्या पक्ष्यांनाही तिथे उइरापुरूच म्हणतात. बेलें शहरातल्या व्हेर-ओ-पेझो बाजारात प्रेमाचा किंवा नशिबाचा तोडगा म्हणून वाळवलेले ‘उइरापुरू’ विकले जात आले आहेत, आणि त्यातही अनेकदा दुसरेच पक्षी निघतात. तसली वस्तू कुणी पुढे केली तर हातही लावू नका. कुतूहलाने म्हणा, हौसेने म्हणा, ती विकत घेतली की आणखी एक पक्षी मरतो, आणि वन्यजीवांचे अवशेष देशाबाहेर नेणं हा गुन्हाही आहे.

म्हणून गाइडशी बोलताना पूर्ण नाव घ्या: ‘उइरापुरू-व्हेर्दादेइरू’, म्हणजे खरा उइरापुरू. नुसतं ‘उइरापुरू’ म्हणालात तर तो मोठ्या उत्साहाने तुम्हाला लाल डोक्याचा मॅनाकिन दाखवेल. त्याचं काही चुकलेलं नसेल, पण तुमची सकाळ गेलेली असेल.

या पक्ष्याभोवती लोककथाही फार आहेत. सर्वांत प्रसिद्ध म्हणजे तो गायला लागला की जंगलातले बाकीचे पक्षी ऐकायला गप्प होतात. आणखी एक अशी की तो वर्षातून फक्त पंधरा दिवस, घरटं बांधताना, पहाटे थोडा वेळच गातो. ऐकायला सुंदर आहेत, पण सहलीचं नियोजन त्यावर करू नका. बाकीचे पक्षी गप्प होत नाहीत. उलट स्क्रीमिंग पिहा नावाचा राखाडी पक्षी दिवसभर इतक्या जोरात ओरडत असतो की त्याच्याआडून उइरापुरूची शिट्टी वेगळी काढणं हेच खरं काम असतं. आणि तो फक्त पंधरा दिवस गात असता, तर वर्षाच्या निरनिराळ्या महिन्यांतली त्याची इतकी ध्वनिमुद्रणं जमाच झाली नसती.

जागा निवडताना

पहिली अट: सलग जंगल. जमिनीवर किडे टिपणारे पक्षी जंगलाचे तुकडे झाले की सर्वांत आधी नाहीसे होतात. ब्राझीलमधल्या मनाउस शहराच्या उत्तरेला साधारण 80 किलोमीटरवर 1979 पासून एक मोठा प्रयोग चालू आहे. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ थॉमस लव्हजॉय यांनी तो सुरू केला. गुरांच्या कुरणांसाठी जंगल तोडताना 1, 10 आणि 100 हेक्टरचे तुकडे मुद्दाम राखून ठेवले आणि त्यांत काय टिकतं, काय जातं हे वर्षानुवर्षं मोजलं. दाट झाडोऱ्याच्या अंधारात वाढलेल्या या पक्ष्यांना उघडं मैदान ओलांडणं जमत नाही. कित्येकांना रस्त्याएवढी मोकळी पट्टीही भिंतीसारखी वाटते. त्यामुळे हॉटेलच्या मागे ‘जंगल’ म्हणून जो हिरवा तुकडा दाखवतात, तिथे उइरापुरू शोधण्यात वेळ घालवू नका. याच भागातल्या अलीकडच्या अभ्यासांत असंही दिसलं की अजिबात न तुटलेल्या जंगलातही जमिनीवर चरणारे पक्षी 1980 च्या दशकाच्या तुलनेत कमी झाले आहेत. जागतिक यादीत उइरापुरू आज धोक्यात धरलेला नाही, पण एका ठिकाणी दोन सकाळी काढूनही तो कानावर पडला नाही तर दोष तुमच्या कानाचाच असेल असं नाही.

दुसरी अट: पुराच्या पाण्याखाली न जाणारं जंगल. ब्राझीलमध्ये त्याला ‘तेर्रा फिर्मे’ म्हणतात. ॲमेझॉनची लॉज बहुधा नदीकाठी असतात आणि सकाळच्या फेऱ्या होडीतून होतात. काठावरचं पूरजंगल महिनोन्महिने पाण्याखाली असतं, तिथे जमिनीवर पाचोळा उलटणारा पक्षी राहणार कसा? बुकिंग करतानाच विचारा की लॉजपासून चालत जाता येईल अशा तेर्रा फिर्मेतल्या पायवाटा आहेत का, आणि किती. मकाव दिसतात का हा प्रश्न त्यानंतर.

प्रत्यक्ष ठिकाणं सांगायची तर मनाउस सोयीचं आहे. शहराच्या कडेलाच 10,000 हेक्टरचं दुके राखीव जंगल आहे आणि त्याच्या टोकाला ‘मुसा’ हे ॲमेझॉन संग्रहालय, पायवाटा आणि 42 मीटर उंच मनोऱ्यासह. मनोरा अप्रतिम आहे, पण तो झाडांच्या शेंड्यावरच्या पक्ष्यांसाठी. उइरापुरूसाठीची सकाळ मनोऱ्यावर घालवू नका, खालीच राहा. मनाउसहून उत्तरेला बीआर-174 या रस्त्याने प्रेझिदेन्ते फिगेरेदोकडे गेलं की आणखी मोठं जंगल मिळतं.

पोर्तुगीज येत नाही म्हणून ब्राझीलची धास्ती वाटत असेल तर गयाना हा देश बघा. तिथे इंग्रजी चालतं आणि इवोक्रामाचं सुमारे 3,71,000 हेक्टरचं संरक्षित जंगल आहे. सुरिनाममध्ये ब्राउन्सबर्ग आहे. पेरूमध्ये पुएर्तो माल्दोनादोहून जाता येणारं तांबोपाता आणि मानू इथेही हा पक्षी आहे, फक्त तिथल्या उपजाती वेगळ्या दिसतात. तो फरक पुढे येईलच.

हंगामाचा फार विचार करू नका, पण चिखलाचा करा. मनाउसला डिसेंबर ते मे पाऊस जास्त, जून ते नोव्हेंबर कमी. कमी पावसात चालणं सोपं आणि ध्वनिमुद्रणात पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्याचा त्रास कमी. बाजू दुसरीही आहे: कोरड्या दिवसांत पाचोळा कुरकुरीत होतो आणि तुमचं प्रत्येक पाऊल ऐकू जातं. मला विचाराल तर जून-जुलै निवडा. पाऊस ओसरलेला असतो आणि जमीन अजून ओली असते.

निघण्याआधी, इथेच

पिवळ्या तापाची लस ही पहिली गोष्ट, कॅमेरा दुसरी. वर सांगितलेले सगळे देश पिवळ्या तापाच्या यादीत आहेत. तिथून भारतात परतताना लसीचा आंतरराष्ट्रीय दाखला मागतात, आणि तो नसेल तर सहा दिवस विलगीकरणात राहावं लागतं. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो. ती फक्त सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि तिथे आधी वेळ घ्यावी लागते, त्यामुळे महिनाभर आधी हे उरकून टाका. मलेरियाबद्दल डॉक्टरांशी त्याच वेळी बोला.

मग कान. उइरापुरूची मुद्रणं झेनो-कँटो आणि मॅकॉले लायब्ररी या दोन्ही ऑनलाइन ध्वनिसंग्रहांत मोफत ऐकता येतात. पण नुसती ऐकत बसू नका. तुम्ही जिथे जाणार तिथली निवडून ऐका, आणि गाण्याबरोबर त्याची बारीक, कर्कश ‘चॉक-चॉक, चर्रर्र’ ही हाकही पाठ करा. गाणं लांबून कळतं. पक्षी जवळ आल्याचं सांगते ती हाक. नवख्यांना गाणं ओळखता येतं, हाक येत नाही, आणि मग दहा फुटांवरून कुटुंब निघून जातं.

सराव सह्याद्रीत करा. आपल्याकडे रेन नाहीत. हे सगळं कुळ अमेरिकेचं. जुन्या जगात, म्हणजे आशिया-युरोप-आफ्रिकेत, त्यातली एकच जात पोचली, आणि भारतात ती फक्त हिमालयात भेटते. पण काम तेच असलेले पक्षी आपल्याकडे आहेत. आंबोली, फणसाड किंवा गोव्यातलं मोले इथे पफ-थ्रोटेड बॅब्लर अगदी तसाच पाचोळा उलटत जमिनीवरून चालतो. पायवाटेवर बसा, पानांची खसखस कुठून येते ते डोळे मिटून बोटाने दाखवा, मग डोळे उघडून खात्री करा. पावसाळ्यात उजाडण्याआधी शीळकरी कस्तुर गातो, तोही माणसाने शीळ घातल्यासारखा, आणि ओढ्याच्या आवाजातून त्याची नेमकी जागा सांगणं सोपं नाही. ज्याला ताम्हिणीत किंवा आंबोलीत हे जमतं, त्याला मनाउसमध्येही जमेल.

सामानात दुर्बीण 8 बाय 42 ची घ्या. दाट जंगलाच्या तळाशी सूर्यप्रकाशाचा एखाद-दुसरा टक्काच पोचतो, तिथे 10 पटीच्या दुर्बिणीपेक्षा उजेड जास्त देणारी आणि दोन मीटरपर्यंत फोकस होणारी दुर्बीण कामाची. गुडघ्यापर्यंतचे गमबूट हवेतच. पाचोळ्यात फेर-दे-लान्स जातीचे विषारी साप असतात, आणि बसण्याआधी ओंडका नीट न पाहिल्यास तुकांदेइरा म्हणजे बुलेट अँट ही मुंगी डंख मारू शकते, जिची वेदना दिवसभर जात नाही. खाली अंथरायला छोटी बसकण, मळकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी सिलिका जेल घातलेली हवाबंद पिशवी. पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन ॲपचा त्या भागाचा संच घरूनच उतरवून ठेवा, जंगलात नेटवर्क नसतं. ॲपने नाव सुचवलं तर तो इशारा समजा, पुरावा नाही.

पहाटेचा क्रम

विषुववृत्ताजवळ वर्षभर सहाच्या आगेमागे उजाडतं. साडेपाचला पायवाटेवर असा. पहिला तासभर हळू चाला, शंभरेक पावलं चालून दोन-तीन मिनिटं थांबा. चालताना आपल्याच बुटांच्या आवाजाखाली लांबची शिट्टी दडून जाते, म्हणून ऐकण्याचं काम थांबल्यावरच होतं.

शिट्टी ऐकू आली की बहुतेक जण त्या दिशेने जंगलात घुसतात. तसं करू नका. जागेवर उभं राहा आणि तीन गोष्टी ठरवा. आवाज पायवाटेच्या कोणत्या बाजूला आहे? तो एकाच जागेवरून येतोय की सरकतोय? आणि कुठे सरकतोय? उइरापुरू एकटा फिरत नाही. जोडी किंवा छोटं कुटुंब एकत्र चरत असतं, रमतगमत, पाचोळ्यातून, पडलेल्या ओंडक्यांच्या कडेने. त्यांची चाल मंद असते, म्हणून दिशा समजायला पाच-सात मिनिटं ऐकावं लागतं. ती समजली की पायवाटेवरूनच पुढे जा, त्यांच्या वाटेत साधारण 30-40 मीटर आधी पोचा आणि खाली बसा. उभा माणूस त्यांना लांबूनच दिसतो. पाठीमागे जाड बुंधा असला तर उत्तम, आपली आकृती त्यात मिसळते.

आणि आता थांबा. अर्धा तास तरी. मोबाइल खिशात, बोलणं बंद, हात मांडीवर. डोळे जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेवा. गाताना तो पडलेल्या ओंडक्यावर किंवा खालच्या फांदीवर चढतो, त्याहून वर शोधू नका. आधी ‘चॉक’ ऐकू येईल, मग एखादं पान उडालेलं दिसेल, मग दुसरं. पक्षी नंतर.

यात सर्वांत कठीण क्षण म्हणजे गाणं अचानक थांबतं तेव्हा. पक्षी गेला असं वाटून माणूस उठतो. पुष्कळदा तो तेव्हाच अगदी जवळ, मुकाट्याने चरत असतो. गाणं थांबल्यावर आणखी पंधरा मिनिटं बसायचं हा नियमच करून टाका.

पावसाची सर येऊन गेल्यावर जंगल पुन्हा बोलू लागतं, ती वेळ सोडू नका. दहानंतर उकाडा वाढला की आवाज विरळ होतात. तेव्हा लष्करी मुंग्या शोधा. एसिटॉन बुर्चेली या मुंग्यांची झुंड पाचोळ्यातून पसरत निघाली की किडे, कोळी जीव घेऊन पळत सुटतात आणि ते टिपायला पक्षी जमतात. मनाउसकडे पांढऱ्या तुऱ्याचा व्हाइट-प्लम्ड अँटबर्ड तिथे हमखास भेटतो. उइरापुरू त्या झुंडीवर पोट भरणारा पक्षी नाही, पण ती त्याच्या इलाख्यातून जात असेल तर अधूनमधून तोही कडेला येतो. मुंग्यांची रांग बुटांवर चढणार नाही एवढं अंतर राखा.

प्लेबॅकबद्दल

त्याचाच आवाज स्पीकरवर वाजवून पक्षी जवळ बोलवण्याची पद्धत जगभर आहे आणि गाइड तुम्हाला खूश करायला ती वापरतील. मी इथे ती वापरू नये या मताचा आहे, आणि ठामपणे. या पक्ष्याचं कुटुंब आपला इलाखा आवाजाने राखतं. स्पीकर लावला की त्यांना परका घुसल्यासारखं वाटतं. चरणं सोडून ते त्या आवाजामागे लागतात, आणि रोज नवे पाहुणे येणाऱ्या पायवाटेवर हे रोज होतं. शिवाय ज्यासाठी आपण गेलो ते सहज, स्वतःत रमलेलं गाणं तेव्हा ऐकूच येत नाही, ऐकू येते ती तणावातली प्रतिक्रिया. सकाळी निघतानाच गाइडला सांगा: ‘सेंय प्लेबॅक, पोर फावोर’, म्हणजे प्लेबॅक नको, कृपया. त्यालाही बरं वाटतं, असाच माझा समज आहे.

दिसला तर काय बघायचं

चेहरा, गळा आणि छाती तांबूस-तपकिरी. डोळ्याभोवती निळसर उघडी कातडी. पंख आणि शेपटीवर काळपट आडवे पट्टे. चोच रेन कुळाच्या मानाने जाड आणि मुळाशी उंच. मनाउस आणि गयानांकडच्या उपजातीत मानेवर काळ्या-पांढऱ्या रेघांची कॉलर असते. पेरू-इक्वेडोरकडच्या पक्ष्यांत ती नसते, म्हणून पुस्तकातलं चित्र कुठल्या भागातलं आहे ते बघून घ्या.

गोंधळ दोन पक्ष्यांशी होतो. फेरुजिनस-बॅक्ड अँटबर्ड हाही जमिनीवर चालतो, त्याच्याही डोळ्याजवळ निळी कातडी असते. पण त्याची पाठ तांबूस आणि गळा-छाती काळी, म्हणजे रंगांची मांडणी उलटी. अंधारात फक्त निळा डोळा दिसला म्हणून नाव लिहू नका, छातीचा रंग बघा. दुसरा व्हाइट-ब्रेस्टेड वुड-रेन. त्याची छाती पांढरीशुभ्र आणि भुवई ठळक, त्यामुळे दिसला की शंका उरत नाही. फसवतो तो फक्त झुडपाआडून.

एखाद्या खालच्या फांदीवर कोपरासारखं वाकलेलं, बोगद्यासारख्या तोंडाचं गवताकाड्यांचं घरटं दिसलं तर तिथून लगेच दूर व्हा. फोटोसाठी पानं बाजूला करू नका. त्या आडोशावरच अंड्यांची सुरक्षितता अवलंबून असते.

फोटो काढायचाच तर आयएसओ 3200 ते 6400 ठेवायची तयारी ठेवा आणि फ्लॅश वापरू नका. आठवणीसाठी एखादा काढा. इतक्या अंधारात फोटोच्या मागे लागलं की ऐकणं राहून जातं.

आवाज मुद्रित करताना

हातात घेण्याएवढा साधा रेकॉर्डर आणि छोटा शॉटगन माइक (समोरच्या दिशेचाच आवाज जास्त पकडणारा) पुरेसा आहे. काहीच नसेल तर मोबाइलही चालतो, फक्त तो डब्ल्यूएव्ही स्वरूपात साठवेल असं ॲप घ्या. एमपीथ्री नको. मुद्रण 48 किलोहर्ट्झ, 24 बिटवर ठेवा. आपोआप आवाज कमी-जास्त करणारी सोय बंद करा. नाहीतर पिहा ओरडला की यंत्र पातळी खाली ओढतं आणि उइरापुरू बुडतो. पातळी हाताने लावा आणि सर्वांत मोठ्या आवाजालाही थोडी जागा राहील इतकी खाली ठेवा.

माइक हातात धरला तर बोटांची हालचाल मुद्रित होते. मातीत काठी रोवून त्यावर माइक बांधा, तोंड आवाजाकडे करा आणि स्वतः एक-दोन मीटर मागे बसा. पक्षी गायला लागण्याची वाट न बघता बसल्याबसल्याच मुद्रण सुरू करा. तो गायला लागला की हलू नका, आणि तो थांबला तरी लगेच बंद करू नका. उइरापुरू एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा घोळवतो, मग बदलतो. बदल नेमका तुम्ही बटण दाबल्यावर होतो हे टाळायचं असेल तर सलग दहा मिनिटं चालू द्या. शेवटी हलक्या आवाजात तारीख, वेळ, जागा, पक्षी किती मीटरवर होता, दिसला की फक्त ऐकला, एवढं बोलून ठेवा. वही नंतर भिजते, हे मुद्रणाबरोबरच राहतं.

सूर मोजणं

इथे मराठी श्रोत्यांना मोठा फायदा आहे. ज्यांच्या कानावर लहानपणापासून तानपुरा आणि पेटी पडली आहे, त्यांना या पक्ष्याच्या उड्या ओळखता येतात. 2012 साली संगीतकार एमिली डूलिटल आणि पक्षी-ध्वनीचे अभ्यासक हेन्रिक ब्रूम यांनी म्युझिशियन रेनच्या गाण्यातले लागोपाठचे सूर मोजले. सप्तक, पंचम आणि मध्यम यांची अंतरं त्यांत योगायोगाने यावीत त्यापेक्षा जास्त सापडली. म्हणजे ज्या सूरसंवादावर आपला तानपुरा लावतो, तीच नाती. माणसाला हे गाणं गाण्यासारखं का वाटतं, याचा बराच भाग इथे आहे.

स्वतः करून बघायचं तर ऑडॅसिटी किंवा रेव्हन लाइट हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, मुद्रण उघडा आणि स्पेक्ट्रोग्रॅमचं, म्हणजे आवाजाच्या चित्राचं, दृश्य लावा. स्वच्छ शिट्टी म्हणजे आडवी, बारीक, ठळक रेघ. खरखर म्हणजे उभा-पसरट धुरळा. प्रत्येक रेघेची वारंवारता वाचून वहीत ओळीने लिहा. मग लागोपाठच्या दोन सुरांचा भागाकार करा, मोठा भागिले लहान. उत्तर 2 च्या जवळ आलं तर सा ते तार सा, 1.5 च्या जवळ तर सा-प, 1.33 च्या जवळ तर सा-म, 1.25 च्या जवळ तर सा ते शुद्ध ग. समजा एक सूर 1,200 हर्ट्झचा आणि पुढचा 1,800 चा निघाला. भागाकार 1.5, म्हणजे षड्ज-पंचम.

एक पथ्य मात्र कडक पाळा. कानाला गोड लागलेल्या जोड्या तेवढ्या निवडून मोजू नका. सुरुवातीपासून शेवटपर्यंत प्रत्येक लागोपाठची जोडी मोजा, न जुळणाऱ्याही, आणि सगळ्या लिहा. नाहीतर आपण पक्ष्याचं गाणं न मोजता आपली आवड मोजत बसतो. त्याच कारणाने याला कुठल्या रागाचं नाव देऊ नका. त्याचा ‘सा’ ठरलेला नसतो, एका तुकड्यातला आधार पुढच्या तुकड्यात बदलतो. सरगममध्ये लिहायचंच तर प्रत्येक तुकड्याचा सर्वांत खालचा स्थिर सूर सा धरा आणि तो किती हर्ट्झचा होता ते शेजारी लिहा. मुद्रण तानपुऱ्याला जुळावं म्हणून त्याचा सूर बदलणं, त्यामागे तानपुरा लावून समाजमाध्यमांवर टाकणं हे प्रकार मोह पाडणारे आहेत, पण मूळ फाइल तशीच जपून ठेवा आणि बदललेली असेल तर तसं स्पष्ट लिहा.

नोंद टाकताना

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना ‘फक्त ऐकला’ असेल तर तसंच लिहा. या पक्ष्याबाबत त्यात कमीपणा काहीच नाही, तज्ज्ञांच्याही बहुतेक नोंदी कानाच्याच असतात. संपूर्ण यादी टाका, चाललेलं अंतर आणि वेळ यांसकट. ज्या सकाळी उइरापुरू ऐकलाच नाही ती यादीही टाका. जमिनीवरचे पक्षी कमी होत आहेत की नाही हे पुढे कुणाला तपासायचं असेल तर अशा रिकाम्या सकाळींची नोंदही तितकीच लागते.

मुद्रण झेनो-कँटोवर चढवताना सुरुवात आणि शेवट छाटा, पण मधली शांतता कापू नका. दोन तुकड्यांमध्ये पक्षी किती थांबला हीदेखील माहिती आहे. आवाज स्वच्छ करणारी फिल्टर वापरू नका. फार तर 100-150 हर्ट्झच्या खालची घरघर काढा आणि ती काढल्याचं नमूद करा. मागे ऐकू येणारे बाकीचे पक्षी ओळखता येत असतील तर त्यांची नावं त्या रकान्यात भरा, नसतील तर रकाना रिकामा सोडा. उपजातीचा रकाना फक्त पक्षी नीट दिसला असेल आणि मानेवरची कॉलर पाहिली असेल तरच भरा. घरटं सापडलं असेल तर त्याची नेमकी जागा कुठेही टाकू नका.